चोवीसवर केलं तरी खरखर

"काका, चोवीसवर केलं तरी खरखर जाऊन नाही राह्यली."

फोन प्रणालीचा होता. जानेफळच्या शेवंताकाकूंची नात, संग्रामपूरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मेहकरातलं माझं रेकॉर्डिंगचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली, पण ही बातमी माझ्या फोनला अजून कोणी सांगितलेली दिसत नाही. प्रणाली सांगत होती, आजीच्या गाण्यांची जुनी सीडी कपाटात सापडली, तिच्यातल्या गाण्यांच्या फाइली लॅपटॉपवर घेतल्या, पण ऐकवत नाहीत. धाकट्या बहिणीचं, सईचं, लग्न पंधरा दिवसांवर आलंय. पाठवणीचं गाणं घरातल्या प्रत्येक पोरीसाठी आजीच म्हणायची. गळ्याच्या ऑपरेशननंतर आजीचा आवाज गेला, आता नुसती कुजबुज उरली. म्हणून या वेळी ते गाणं प्रणालीनं म्हणायचं ठरलं होतं. शब्द वहीत लिहून ठेवलेत. चाल मात्र आजीची स्वतःची, आणि ती त्या सीडीशिवाय कुठंच नाही.

"मैत्रीण म्हणे, बिट डेप्थ वाढव. म्या सोळाची चोवीस केली. तरी तसंच! तुम्ही येऊन पाह्यजा ना काका."

"येतो," म्हणालो. मनात म्हटलं, चला, आणखी एक चोवीसवाली.

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून 'ध्वनिसेवेतले सुवर्णक्षण' हवे आहेत. माझ्या धंद्यात सुवर्ण म्हणावं असं एकच होतं, वायरींच्या पिनांवरचा मुलामा, आणि तोही वायर विकणाऱ्याच्या सांगण्यानुसार. तेव्हा क्षणांचं सोडून द्या. मी आपलं बिटांचं सांगतो, कारण या दोन अक्षरांनी जिल्ह्यातल्या चांगल्या-चांगल्या माणसांची झोप उडवलेली मी पाहिली आहे.

आवाज कॉम्प्युटरात शिरतो तो आकडे होऊन. दर सेकंदाला हजारो वेळा आवाजाची उंची मोजायची आणि आकडा लिहून ठेवायचा, एवढाच कारभार. आता मोजायला पट्टी कोणती घेता, ती म्हणजे बिट डेप्थ. आठ बिटांच्या पट्टीवर दोनशे छप्पन्न खुणा. सोळा बिटांच्या पट्टीवर पासष्ट हजारांवर. चोवीसच्या पट्टीवर दीड कोटीहून जास्त. मोठा आवाज कोणत्याही पट्टीनं मोजला जातो. खरी गंमत हलक्या आवाजाची. ज्या पट्टीवर नुसते इंच मारलेत तिनं मुंगीची उंची मोजा. उत्तर शून्य येईल. मुंगी आहे, चालते आहे, पण वहीत शून्य. एवढं ज्याला कळलं त्याला माझा सगळा धंदा कळला. मला कळायला मात्र बरीच वर्षं लागली.

कॉम्प्युटरवर ही पट्टी बदलायची जागा मोठी मोहक आहे. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर उजवं बटण दाबायचं आणि आत-आत जात राहायचं. शेवटी एक यादी उघडते. सोळा बिटांपुढे लिहिलेलं असतं, सीडीचा दर्जा. चोवीसपुढे, स्टुडिओचा दर्जा. झालं! यादीतला 'स्टुडिओ' वाचून ज्याचा हात थांबला असा मायेचा पूत मला तरी भेटला नाही. लोक किराण्याच्या यादीत इतकं मन घालत नाहीत.

आमच्या गल्लीत एक वानखडे सर होते. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर कानांचे मुख्याध्यापक झाले. मोबाइलवर व्हिडिओ पाहून-पाहून त्यांनी आवाज सुधारणारा परदेशी डबा मागवला, करंगळीएवढ्या जाडीची वायर मागवली, आणि मला बोलावणं धाडलं. "चोवीस करून द्या. सोळा मला टोचतं."

गाणी कोणती? भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेली. दहा हातांतून फिरून, दर हाताला थोडी-थोडी पिळून आलेली. त्यात पट्टीवर मोजायला उरलंच काय होतं! पण सरांना सांगणार कोण? मी यादी उघडली, चोवीसवर नेली, आणि शेवटी 'लागू करा' दाबायच्या ऐवजी 'रद्द करा' दाबलं. मुद्दामच. सरांनी डोळे मिटले, मान मागे टाकली. "हां! आता कसं? तबल्याची बोटं वेगळी ऐकू येऊन राह्यली."

"येणारच, सर."

आतून त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "तो डोक्यावरचा पंखा बंद करा आधी. घर्रघर्र लावली सकाळपासून. काय बोटं ऐकून राह्यले, बाप्पा!"

पंखा बंद केला तेव्हा त्या खोलीत खरा फरक पडला. पण पंख्याचं बटण दाबायला तज्ज्ञ लागत नाही, म्हणून ती सूचना सरांना रुचली नाही. मी चहा पिऊन, आशीर्वाद घेऊन बाहेर पडलो. असे विजय मी पुष्कळ मिळवले.

बीबी गावच्या डीजेवाल्याकडे मात्र मी पराक्रम केला. गडी लग्नात साउंड लावायचा. त्याला चोवीसही पुरत नव्हतं. "भाऊ, मला बत्तीस पाहिजे, भिंतीला तडा जायला पाहिजे," असं त्याचं साधंसुधं मागणं. बिट वाढवून आवाज मोठा होत नाही, नुसता बारीक मोजला जातो, हे त्याला चार वेळा सांगितलं. त्यानं चार वेळा मान डोलावली आणि पाचव्यांदा बत्तीसच मागितलं. मग मी माझी विद्या दाखवायला त्याच यादीखालचा एक चौकोन टिकमार्क करून दिला. त्याचा अर्थ असा, की गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामला साउंड कार्डाचा एकट्याचा ताबा मिळतो. मधे कोणी लुडबुड करत नाही, आवाज जसाच्या तसा बाहेर पडतो. उत्तम व्यवस्था. फक्त बाकीचे सगळे प्रोग्राम मुके होतात, हे सांगायचं मी विसरलो.

लग्नात मुहूर्ताच्या घटकेला दुसऱ्या प्रोग्राममधून मंगलाष्टकं लावायची होती. लावली. लॅपटॉपवर ती चालली होती, पट्टा पुढे सरकत होता, आणि मांडवात चिडीचूप. डीजेवाल्याचा मला फोन, "भाऊ, काय करून ठेवलं हो? मंगलाष्टक वाजून नाही राह्यलं!" मी फोनवर चौकोन शोधून देईपर्यंत भटजींनी खाकरून स्वतःच सुरुवात केली होती. बिचाऱ्यांना कैक वर्षांत स्वतः म्हणायची वेळ आली नसावी. दुसऱ्या कडव्याला धाप लागली म्हणे. पण लग्न लागलं, आणि डीजेवाल्यानं पुढं वर्षभर मला ओळख दाखवली नाही.

तर असा मी. खिशात असले विजय घेऊन जानेफळला निघालो. मनाशी पक्कं होतं, पोरीनं नको तिथं टिकमार्क केला असेल, पाच मिनिटांचं काम, वर शेवंताकाकूंच्या हातचा चहा.

काकू ओसरीवर पाटावर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, अंगानं वाळलेल्या, गळ्याला ऊन नाही, वारा नाही तरी मफलर. मला पाहून ओठ हलले. जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं, "या भाऊ. लय दिवसांनी." ही तीच बाई, जिच्या आवाजासाठी चार गावांच्या लग्नांतून बैलगाडी पाठवायचे, असं लोक सांगतात. प्रणालीनं लॅपटॉप पुढं ठेवला.

मी यादी उघडली. चोवीस. चौकोन नाही, काही नाही, सगळं शिस्तीत. सोळा करून पाहिलं, परत चोवीस केलं. हेडफोन लावले. गाणं सुरू झालं. पहिल्या ओळी चालून गेल्या, मागं पाऊस पडल्यासारखी खरखर होती, पण आवाज कळत होता. मग काकूंचा आवाज खाली उतरू लागला तशी खरखर त्याला खाऊ लागली. शेवटच्या तीन ओळींना तर आवाज तुटक-तुटक, खर्र, खट्ट, खर्र, आणि मग सपाट शांतता. पुन्हा एकदम कोरसच्या बायका मोठ्यानं ओरडतात आणि गाणं संपतं.

"तेवढंच तं पाह्यजे काका," प्रणाली म्हणाली. "शेवटच्या तीन ओळी. तिथंच आजी आवाज पार तोंडातल्या तोंडात नेत असे. अख्खा मांडव रडाचा. वरचं मले येते. तेवढं नाही येत."

"काऊन शिकली नाही वेळेवर?" मी उगाच मोठेपणा केला.

"आजी हाये ना गाणं म्हणाले, असं वाटे," ती म्हणाली.

तुम्हाला वाटेल, यावर काही औषध असेल. मी सगळी केली. खरखर काढणारा प्रोग्राम लावला. त्यानं खरखर काढली आणि सोबत काकूंनाही काढलं. आवाज वाढवून पाहिला, तर खरखर तेवढीच वाढली. प्रणालीनं मोबाइल पुढं केला, "एआयनं भरून निघते म्हणे, काका. तुटलेलं जोडून देते."

"देईल की. पण कोणाचं जोडेल?" मी म्हटलं. "जगात लाख बाया गातात. त्यातल्या कोणाचं तरी वळण आणून चिकटवील."

काकूंनी हात हलवला. नको.

मग मी जे सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं ते सगळ्यात शेवटी केलं. गाण्याच्या फाइलची माहिती उघडली. तिथं लिहिलं होतं, आठ बिट. तीच पट्टी, इंचाइंचाची. लॅपटॉपवर चोवीस करा की चोवीस लाख करा, आत आठच आहेत तर बाहेर काय येणार! रेकॉर्ड करतानाच ज्यानं शून्य लिहिलं, त्या शून्यातून काकूंचा आवाज कोणती सेटिंग काढून देणार होती?

माझा तोल गेला. "कोण गाढवानं रेकॉर्ड केलं हे?" मी ओसरीवर मोठ्यानं म्हणालो. "गाण्याला आठ बिट? अक्कल विकून खाल्ली का त्यानं?"

 प्रणाली उठून आत गेली आणि सीडीचं कव्हर घेऊन आली. माझ्या हातात दिलं. कव्हरवर माझ्या दुकानाचा शिक्का होता, आणि शिक्क्याखाली निळ्या शाईत, माझ्या अक्षरात, 'शेवंताबाई व सोबती, लग्नगीते'.

त्या ओसरीवर खड्डा असता तर मी स्वतःहून उतरलो असतो.

मग सगळं आठवलं. काकूंचा मोठा मुलगा पाच बायकांना टेम्पोत घालून माझ्या दुकानात घेऊन आला होता. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगलेल्या, तोच माझा स्टुडिओ. त्या काळी कॉम्प्युटरची डिस्क इवलीशी. आठ बिटांत गाणं निम्म्या जागेत बसायचं. म्हणून मी एक पुठ्ठा लिहून मॉनिटरच्या वर चिकटवला होता: 'भजन मंडळ, कव्वाली, पुढाऱ्यांची भाषणं : सोळा. कथा, जाहिरात, बायकांची गाणी : आठ.' कोणी मला असं करायला सांगितलं नव्हतं. माझंच संशोधन. बायकांची गाणी म्हणजे बोलण्यासारखीच, त्याला काय लागतं, असा माझा शास्त्रीय सिद्धान्त होता. त्या पुठ्ठ्याखाली बायका येऊन बसल्या, गायल्या, चहा प्याल्या, गेल्या. वाचता येणाऱ्या होत्या त्यांनीही वाचलं असेल. कोणी काही बोललं नाही.

तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचं प्रचाराचं भाषण मात्र मी सोळा बिटांत घेतलं होतं. ते आजही माझ्याकडच्या जुन्या डिस्कमध्ये आहे. मधे-मधे साहेब खाकरतात, पाणी पितात, ग्लास टेबलावर ठेवतात. ग्लासाखालचा रुमालसुद्धा ऐकू येतो म्हणा ना. रस्ता करून देतो म्हणतात, तेही अगदी स्पष्ट आहे. तो रस्ता आणि काकूंच्या तीन ओळी, दोन्ही कधीच न मिळालेल्या गोष्टींच्या यादीत गेले.

"काकू," मी म्हणालो, "ते गाढव मीच."

काकूंना हसू आलं. हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले. "समजलं मले," त्या कुजबुजल्या. "तुमचं अक्षर वळखू येते."

प्रणालीला मात्र हसू आलं नाही. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे काका, कुठंच नाही आता? तुमच्या जुन्या कॉम्प्युटरात? अस्सल?"

"अस्सलच हे आहे बेटा. मी अस्सलच आठचं केलं."

आयुष्यात एवढं वाईट वाक्य मी गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. 'व्हायरस आला', 'पार्ट कंपनीकडून यायचा आहे', 'लाइट गेल्यामुळं झालं', अशी माझ्याजवळ तयार वाक्यांची पिशवी भरलेली असते. त्या दिवशी ती उघडावीशी वाटली नाही. लाज वाटत होती, खरीखुरी. 

"आजी," प्रणाली काकूंपाशी उकिडवी बसली, "तू सांग ना. हळू सांग. म्या तुझ्या तोंडाशी कान लावते. तीनच ओळी."

काकूंनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. शब्द येत होते, वारा येत होता, सूर येत नव्हता. सूर दाखवायला त्यांनी बोट वर धरलं आणि हवेत खाली-खाली नेलं. पहिली ओळ बोटानं नीट गेली. प्रणालीनं मागोमाग गुणगुणली, काकूंनी हो म्हटलं. दुसरी ओळ अर्ध्यावर गेली. मग बोट एका जागी थांबलं. थोडं डावीकडं गेलं, परत आलं. पुन्हा थांबलं. काकूंनी डोळे उघडले तेव्हा त्या घाबरल्यासारख्या दिसत होत्या.

"पुढं?" प्रणालीनं विचारलं.

"नाही सुचून राह्यलं."

"अवं आठव ना आजी! शंभर वेळा म्हटलं तुवा."

"डोक्यात नव्हतं ते, पोरी," काकू म्हणाल्या. इतक्या हळू, की आम्ही दोघंही वाकलो. "गळ्यात होतं. गळा म्हणे, अन् म्या मागं-मागं जाओ."

 आत कोणीतरी सईच्या आंदणाची भांडी मोजत होतं. मग काकूंची नजर माझ्याकडं वळली, आणि तिच्यात एकदम उजेड आला. त्यांनी हात पुढं करून माझं मनगट धरलं.

"भाऊ, तुम्ही तं समोर बसेल होते! कानाले ते लावून. बाकीच्या बायाईले गलबल्यात ऐकू नाही आलं असन, पन् तुमच्या तं सीधं कानातच म्हटलं म्या. तुम्हीच सांगा ना. शेवटी कुठं नेलं होतं?"

प्रणाली माझ्याकडं पाहत होती. तिच्या हातात वही होती, उघडलेली.

आणि खरंच, माझ्या कानात तो आवाज आला होता. कॉम्प्युटरनं मोजायच्या आधीचा, कापायच्या आधीचा, पुरता. जगात दुसऱ्या कोणाच्या कानाशी तो इतक्या जवळून गेला नसेल. मी आठवायला लागलो. खोली आठवली, गोधडीचं लाल अस्तर आठवलं, काकूंच्या नाकातली नथ आठवली. मॉनिटरवर आवाजाचा हिरवा पट्टा वर-खाली होत होता, तो तर अगदी काल पाहिल्यासारखा आठवला. कोरसच्या बायकांनी मोठा आवाज काढला की तो लाल व्हायचा, आणि लाल झाला की रेकॉर्डिंग फाटतं, म्हणून माझं सगळं लक्ष तिथं. शेवटच्या तीन ओळींना पट्टा पार खाली गेला, हललाच नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता लाल व्हायची धास्ती नाही म्हणून मी त्या वेळात सीडीचं कव्हर लिहायला घेतलं होतं.

"भाऊ?" काकूंनी मनगट हलवलं.

"काकू," मी म्हणालो, "म्या ऐकलं नाही."